महाराणीच्या पिना

४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

आधी खाली बस, मग वाच. काल दुकानात मी एक काम केलंय, जे करायला नको होतं. मालकांना कळलं तर मी दुकानाबाहेर, आणि मावशीला कळलं तर घराबाहेर. पण तुला सांगितल्याशिवाय पोटात राहणार नाही. तुमच्या वसतिगृहात फोन जमा करून घेतात, त्यामुळे माझं अक्षर सहन कर.

मी महाराणीला चुकीचे स्पाइक्स विकले. मुद्दाम.

हो, तीच. गेल्या वर्षी निवडीच्या पंधराशे मीटरमध्ये वळणावर तुझ्या टाचेवर पाय देऊन तुझा बूट काढणारी. तू उरलेल्या दोन फेऱ्या एक पाय बुटात नि एक उघडा अशा पळालीस, आणि शर्यत संपल्यावर ती तुझा बूट दोन बोटांत धरून आली, "बाई, तुमची चप्पल राहिली." तीच. मी तेव्हा कुंपणापाशी तुझी पिशवी धरून उभा होतो. तिला मी आठवत नाही. पिशव्या धरणारे तिला दिसत नसावेत.

काल ती आली आणि स्टुलावर बसून पाय पुढे केला. नुसता पाय. बोलणं नंतर.

"पंधराशेसाठी स्पाइक्स दाखव. भारीतले."

मी म्हटलं, "मॅडम, भारीतले म्हणजे हे. सध्या वरच्या मुली हेच घालतात." आणि काढले शंभर मीटरवाले! खाली पिनांची प्लेट अशी कडक की त्यावर कपड्यांना इस्त्री करावी. टाचेखाली फोम औषधालाही नाही. शंभर मीटर पळणारा टाच टेकवतच नाही, त्याला चालतं. पण पावणेचार फेऱ्या पळणारी शेवटी दमते, टाच खाली येते, आणि मग पोटऱ्यांची जी वाट लागते ती तू मला शिकवली आहेस.

"चवड्याला लागतंय रे."

"लागायलाच पाहिजे, मॅडम. स्पाइक्स आहेत, सपाता नाहीत."

हे ऐकून तिला मी फार हुशार वाटलो. रंगही आवडला, लालभडक. घेऊन गेली. मी गोदामात जाऊन तोंडात फडकं कोंबून हसलो.

आता तूही हस. वर्षभर हसली नाहीस.

तुझा टोळ


११ नोव्हेंबर

टोळभैरवा,

मी हसले नाही. मी कपाळाला हात लावला.

ती नऊ वर्षं पळतेय, गाढवा. पहिल्या सरावाला दुसऱ्या फेरीत तिला कळेल की पायात काय आहे. दुकानात परत येईल, मालकांसमोर तुझी पूजा बांधेल, नवे योग्य बूट घेईल आणि वर सूट मागेल. तिचं एवढंही वाकडं होणार नाही. तुझी नोकरी तेवढी जाईल. आई म्हणेल, दोनदा नापास झालेल्या पोराला मी उगाच घरात ठेवलं.

आणि समजा नाही कळलं, तर तिची पोटरी जाईल. मला तिची पोटरी नकोय. माझी टाच सहा महिने सुजलेली होती. रात्री चादर लागली तरी कळ यायची. ते दुखणं मी कुणाला देणार नाही, तिलाही नाही. मला तिचा चेहरा हवाय. ती ज्या चेहऱ्यानं माझा बूट घेऊन आली ना, तो उतरलेला बघायचाय. भरल्या मैदानात, सगळ्यांसमोर.

आता ऐक, आईला अजून सांगू नकोस. मी पुन्हा पळतेय. सप्टेंबरपासून. सरांनी जानेवारीच्या निवडीला माझं नाव दिलंय. पंधराशेसाठी संघात एकच जागा आहे. म्हणजे मी किंवा ती.

तेव्हा हे कर. ती परत आली की माफी माग आणि योग्य जोडी दे. मधल्या अंतराची, टाचेखाली थोडा फोम असलेली, चवड्यापासून टाचेपर्यंत वाकणारी. संध्याकाळी आली तर अजून चांगलं, तेव्हा पाय फुगलेला असतो नि माप खरं मिळतं. नीट बसवून दे. तक्रारीला जागा ठेवू नकोस.

निवडीच्या मैदानावर आता नवीन ट्रॅक झालाय. तिथे बुटाच्या तळाला सहा मिलिमीटरपेक्षा लांब पिना चालत नाहीत. शर्यतीआधी हजेरीच्या खोलीत एक बाई प्रत्येकीचे बूट उलटे करून बघतात. लांब पिना असतील तर तिथेच काढून आखूड बसवायच्या, नाहीतर ते बूट घालून पळायचं नाही.

दुकानात पिना तूच बसवतोस ना? सहज विचारलं. मी काहीही सांगितलेलं नाही.

माझ्यासाठीही एक जोडी पाठव. पायाची कागदावर रेघ मारून सोबत ठेवलीय. डावा पाय पूर्वीपेक्षा जरा रुंद झालाय, तेवढं बघ.

ताई


२१ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तू काहीही सांगितलेलं नाहीस, आणि मी ते अगदी तंतोतंत केलं.

महाराणी परत आली. तुझ्या शब्दाप्रमाणे, आणि तोफेसारखी. लाल बूट काउंटरवर आपटले. मालक आतून चहाचा कप घेऊन आले ते कप तसाच धरून उभे राहिले.

"हे काय विकतो हा पोरगा? माझे पाय मोडायचेत का?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी असा चेहरा केला की माझी मलाच दया आली. म्हटलं, "मॅडम, तुम्ही पंधराशे म्हणालात, पण तुमचे पाय बघून मला वाटलं तुम्ही शंभरवाल्या. एवढ्या फास्ट बाई पंधराशे कशाला पळतील?"

ताई, तोफ गार! ती हसलीच. मालकांनी मला नंतर गोदामात नेऊन जे ऐकवलं ते लिहीत नाही, कागद जळेल.

मग मी कामाला लागलो. खोटं नाही, इतकं माप मी कुणाचंच घेतलं नव्हतं. मोजे काढायला लावले. बोटं पुढे टेकतील पण दुमडणार नाहीत एवढी जोडी काढली. दुकानासमोरच्या फरसबंदीवर पळवून बघितलं, प्लेट बाजूनं वाकवून दाखवली. ती म्हणाली, "आता कसं!" बूट म्हणशील तर तुला मिळाले असते तर तू खूश झाली असतीस, असे आहेत.

"पिना कुठल्या बसवू, मॅडम?"

"आता नऊच्या. आमचं सरावाचं मैदान मातीचं आहे. सहाच्या डबीत टाक, निवडीला लागतील."

"स्वतः बदलता तुम्ही?"

"मी? तिथे खोलीत असतात की लोक. ते देतात बदलून."

बास! ती स्वतःच्या तोंडानं बोलली. मी नऊच्या पिना बसवल्या, आणि बसवायच्या आधी प्रत्येकीच्या आट्यांना एक थेंब. शेजारच्या गॅरेजवाल्याकडून आणलेला लाल गोंद. तो इंजिनाच्या नटांना लावतात, थरथरून सुटू नयेत म्हणून. गॅरेजवाला म्हणतो, एकदा बसला की आधी तापवावं लागतं, मग तो विचार करतो. नुसत्या चावीनं फिरवलं तर चावीचे दात जातील. मातीत पळायला काही अडचण नाही, उलट तिची एकही पीन पडणार नाही. सेवा म्हण हवं तर.

जाता जाता रोजच्या पळण्यासाठी अजून एक जोडी तिच्या गळ्यात मारली. मालकांचा राग त्यानं जरा उतरला.

तुझी जोडी पार्सलनं पाठवलीय. डाव्या बुटाची चवड्याकडची पहिली दोन भोकं सोडून नाडी घातलीय, रुंद पायाला जागा होते. सहाच्या पिना, माझ्या हातानं, गोंदाशिवाय! तरी तू एकदा फिरवून बघशीलच, मला माहितीय.

निवडीला यायचं होतं. मालक सुट्टी देत नाहीत. लाल बुटांची शिक्षा.

टोळ


१६ डिसेंबर

टोळ्या,

बूट मिळाले. फिरवून बघितल्या, सुटतात.

पहिल्या दिवशी नुसतं गवतावर घालून चालले. मग दोनशे, दोनशे. काल पूर्ण वेगानं एक फेरी मारली आणि सरांनी घड्याळ दोनदा बघितलं. जेवताना स्वतःच्या ताटातलं अंडं माझ्या ताटात ठेवलं. डाव्या पायाला कुठेच घासत नाही. हे काम तुला येतं रे. एवढं येत असून बाकी वेळ माकडचाळे का करतोस?

पळताना मी रोज तोच विचार करते. ती खोली, ती बाई, उलटा बूट, न फिरणारी चावी. शेवटच्या शंभर मीटरला पाय जड झाले की तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणते, आणि पाय चालतात. सरांना वाटतं माझी इच्छाशक्ती.

ती बिनपिनांचे साधे बूट घालून पळेल. पळूदे. तिचा ताल बिघडला म्हणजे झालं. डोकं गरम झालं की ती पहिली फेरी वेड्यासारखी पळते, हे मला माहितीय. शेवटच्या फेरीत मी तिला गाठेन, बाजूनं जाईन, आणि जाताना बघेन.

पण आता बास. यापुढे तू काही म्हणजे काही करायचं नाहीस. बाकीचं माझे पाय बघतील. शब्द दे.

ताई


२३ डिसेंबर

ताई,

दिला.

टोळ


१९ जानेवारी

टोळ,

आईकडून कळलंच असेल. सरांनी तिला फोन केला. ती रडली म्हणे, आणि शेजारी साखर वाटून आली. आता खरं काय झालं ते ऐक. सरांनाही सांगितलेलं नाही.

हजेरीची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. दोन बाकं, एक ट्यूबलाइट. आम्ही नऊ जणी. बाईंनी तिचा बूट उलटा केला. "नऊच्या आहेत. बदल." तिनं डबी आणि चावी पुढे केली, जशी तुझ्यापुढे पाय करते तशी. तिथल्या मदतनिसानं चावी लावली. फिरेना. दोन्ही हातांनी लावली. चावीचा कर्र आवाज झाला.

तो चेहरा मी बघितला. अगदी जसा हवा होता तसाच. आधी राग, मग घाई, मग भीती. ती सगळ्यांकडे बघत होती, माझ्याकडेही. "कुणाकडे दुसरी चावी आहे का?" माझ्या पिशवीत होती. मी नाडी बांधत बसले. टोळ, मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. वर्षभर घशात अडकलेलं काहीतरी खाली गेलं.

मग तिनं पिशवीतून दुसरे बूट काढले. पांढरे, जाड तळाचे, रस्त्यावर पळायचे. त्या बाईंचं काम पिना बघायचं. बिनपिनांचे बूट बघून त्या म्हणाल्या, चालेल, पळ.

आणि ती पळाली. पहिली फेरी वेड्यासारखी नाही. डोकं थंड ठेवून, माझ्या खांद्यामागे. त्या बुटांत नुसती उसळत होती. मी शेवटची फेरी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली पळाले. वळणावर मी पुढे होते. सरळ रेघेला आम्ही दोघी बरोबर होतो, तिचा श्वास मला ऐकू येत होता. आणि शेवटच्या दहा पावलांत ती गेली. छातीभर अंतरानं. धक्का नाही, पाय नाही. सरळ मला हरवून गेली.

मी गुडघ्यावर बसले होते. ती येऊन म्हणाली, "चांगली पळालीस." चिडवलं नाही. नुसतं म्हणाली. ते मला बुटापेक्षा जास्त लागलं.

मग मुख्य पंच आले, हातात मोजपट्टी. तिला बूट काढायला लावले. तळ मोजला. ट्रॅकवर दोन सेंटिमीटरच्या वर तळ चालत नाही, तिचा जवळजवळ चार. ती बाद. पहिली मी. सरांनी मला उचलून घेतलं. ती बिनबुटांची तिथे उभी होती, पंचांना विचारत होती, "पण मला सोडलं कसं मग? मला सोडलं कसं?"

पंच म्हणाले, प्रेक्षकांतून कुणीतरी येऊन सांगितलं. तिसऱ्या आलेल्या मुलीचं कुणी असेल. तो माणूस नसता तर कुणी बघितलंही नसतं.

चार रात्री झोप नाही. मला तिला हरवायचं होतं, आणि तिनं मला हरवलं. आणि संघाचा सदरा माझ्या उशाशी आहे. तो गोंद नसता तर तिनं त्या बुटांना हात लावला नसता. म्हणजे तिला बाद आपण केलं.

मी ठरवलंय. सोमवारी निवडवाल्यांकडे जाऊन पिनांचं सांगणार. म्हणणार, आम्हा दोघींना परत पळवा, तिच्या पायात तिचे स्पाइक्स घालून. मग मी तिला अशी हरवेन की तिला बोलायला तोंड राहणार नाही. तुझं नाव घेणार नाही. पण दुकान कुठलं ते विचारतील, म्हणून आधी कळवते.

ताई


२२ जानेवारी

ताई,

थांब. सोमवारी कुठेही जाऊ नकोस. पाया पडतो. हे पत्र मी टपालात टाकत नाहीये, तुमच्या गावच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतोय, वसतिगृहाच्या फाटकावर टाकायला सांगून.

तिसऱ्या मुलीचं कुणी नव्हतं. तो मी.

मालकांना सांगितलं दाढ काढायची आहे, आणि गाल धरून बाहेर पडलो. वरच्या पायऱ्यांवर बसलो होतो, मालकांची टोपी डोळ्यांवर ओढून. तू वळणावर पुढे गेलीस तेव्हा मी इतका ओरडलो की दाढ खरंच दुखायला लागली. ती पुढे गेली, आणि मी उठून पंचांकडे गेलो. म्हटलं, साहेब, पांढऱ्या बुटांचा तळ मोजा.

आणि ते पांढरे बूट. "रोजच्या पळण्यासाठी एक जोडी गळ्यात मारली," असं मी लिहिलं होतं. तेच ते. पिना अडकल्या की ती पिशवीत हात घालणार, आणि हाताला काय लागायला हवं ते मी तेव्हाच ठरवलं होतं. दुकानात तळ पातळ असलेल्या तीन जोड्या होत्या. मी सगळ्यात जाड दिली. तिनं विचारलंही होतं, "ट्रॅकवर चालतात का हे?" मी म्हटलं, "मॅडम, पळतात!" ती हसली. मीही हसलो.

तुला शब्द दिला तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं, म्हणून मी तो बिनधास्त दिला. पंचांकडे गेलो तो मात्र मोडला. खरं आहे.

का केलं ते सांगतो. तुला कधीच सांगणार नव्हतो. त्या दिवशी नवे स्पाइक्स घालून ती खूश झाली, तेव्हा दुकानात अजून चार-पाच गिऱ्हाइकं होती. तिनं त्यांना गोष्ट सांगितली. गेल्या वर्षी म्हणे एका पोरीचा बूट निघाला, मी हलकेच टाच दाबली तर निघालाच. आणि मग उठून ती पळून दाखवायला लागली, ताई. तू कशी पळालीस ते. एक पाय टेकवत, एक झटकत, तोंड वाकडं करून. दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळे हसले. मालकही हसले. मी खाली गुडघ्यावर बसलो होतो, तिचा दुसरा बूट हातात धरून. तिनं माझ्याकडे बघितलं, हसतोस ना अशा नजरेनं.

मी हसलो, ताई. गिऱ्हाईक होतं ना. मोठ्यानं हसलो.

त्या हसण्याचे मी पैसे वसूल केले, एवढंच समज. तू चेहरा मागितला होतास, मला तिची जागा हवी होती. "मला सोडलं कसं" म्हणत ती अनवाणी उभी होती ना, मी टोपी काढून बघून घेतलं. मला वाईट वाटलं नाही. रात्री जेवताना थोडं वाटलं, पण पोळी खाल्ली.

आता डोक्यानं विचार कर. तू सोमवारी बोललीस तर तुला वाटतं तुम्हा दोघींना परत पळवतील? पांढरे बूट तिच्या पायात होतेच, गोंद असो नाहीतर नसो. ती बादच राहणार, आणि तुलाही बाद करतील. जागा जाणार तिसरीकडे, जी तुम्हा दोघींच्या मागे शंभर पावलं होती. मावशीनं वाटलेली साखर काय परत मागून आणायची?

तुला तिला हरवायचंय ना? मार्चमध्ये त्याच मैदानावर खुली शर्यत आहे, कुणीही नाव देऊ शकतं. ती देणारच, तिच्याही घशात आता अडकलंय. काल दुकानात आली होती. आवाज चढवला नाही. अडकलेल्या पिनांचे बूट ठेवून म्हणाली, "या काढून दे. आणि मार्चसाठी सहाच्या बसव. त्या पोरीला मी दाखवते." गोंदाचा तिला संशय नाही, तिला वाटतं मातीनं गंज चढला. पांढऱ्या बुटांचा राग तिला सोडणाऱ्या खोलीतल्या बाईंवर आहे, माझ्यावर नाही. मी गॅरेजमधून तापवून आणल्या आणि एक एक पीन काढली. सहाच्या बसवल्या, तेल लावून, तिच्यासमोर फिरवून दाखवून. बिनगोंदाच्या, सुट्या, खऱ्या. यावेळी तिच्या पायात काही खोट नाही. तुझ्याही नाही. जा आणि तिला रडव. मी वरच्या पायऱ्यांवर असेन, मालकांना दुसरी दाढ सांगून.

पण तोपर्यंत गप्प राहा. सरांना नको, मावशीला नको, निवडवाल्यांना तर नकोच नको. तिला तर स्वप्नातही नको. अगदीच राहवलं नाही तर म्हण, पिनांची कल्पना टोळाची होती. नाही, नाही, तेही म्हणू नकोस! हा कागद वाचून झाला की चुरगाळून ओल्या बुटात कोंब, तसाही सुकवायला कागद लागतोच तुला. ताई, तुझ्या दोन्ही टाचांची शपथ घालतो, कुणाला सांगू नकोस. कुणालाच.

टोळ